पंधरा नोव्हेंबरनंतर

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी नाक मुरडायला नको.

चौतीस वर्षं मी एकाच टेबलाशी बसून एकच काम करते आहे: देशाचं वर्ष तपासायचं. आमच्या कचेरीतून दर जानेवारीत एक जाडजूड पुस्तक निघतं. सरत्या वर्षात देशात काय घडलं, कोण वारलं, कोण जन्मलं, सगळं तारीखवार. त्यातलं जन्माचं प्रकरण जरा चमत्कारिक. पाळण्यातलं पोर पुढे काय दिवे लावणार हे त्या वर्षी कुणाला कळतं? म्हणून जन्मांची पानं आम्ही वीस-तीस वर्षं मागे जाऊन भरत बसतो. बाकी मात्र चोख. शाळाशाळांत आमचं पुस्तक जातं, वर्तमानपत्रवाले त्यातूनच उचलतात, परीक्षेची मुलं ते घोकतात. अमुक पूल बुधवारी खुला झाला असं आम्ही छापलं, की तो बुधवारीच खुला झाला. मग त्या दिवशी प्रत्यक्षात रविवार का असेना! असा आमचा तोरा.

आमच्या संपादकांना सगळी कचेरी पाठीमागे पुरावेसाहेब म्हणते. त्यांना कुणी स्वतःच्या लग्नाची पत्रिका दिली तरी ते ती उलटसुलट करून विचारतील, "दुसरा छापील पुरावा आहे का?" माणूस वाईट नाही. पण डोकं उठवतो.

यंदा आमचं एकाहत्तरावं आणि शेवटचं पुस्तक. कचेरी बंद होणार, त्याआधी सगळ्या जुन्या वर्षांची एकत्रित आवृत्ती काढायची ठरलेली. एकविसाव्या ते तिसाव्या पुस्तकाची पानं ऑगस्टच्या एका शुक्रवारी छापायला जायची होती, आणि त्याच आठवड्यात सोमवारी सकाळी एक बाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

पन्नाशीची असेल. गळ्यात शिंप्याची टेप तशीच राहिलेली, बाहीला निळ्या दोऱ्याचे तुकडे. चेहऱ्यावर देवीचे वण होते, कपाळापासून हनुवटीपर्यंत. आजकाल असा चेहरा दिसत नाही, म्हणून मी जरा जास्तच बघितलं असणार. तिला त्याची सवय असावी. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुमच्या तेविसाव्या पुस्तकात चूक आहे."

"पान?"

"दोनशे अकरा. 'देवीचा रोग: मार्चमध्ये देशातला शेवटचा रोगी आढळला. त्यानंतर एकही नाही.'"

"बरं, मग?"

"त्यानंतर मी आहे," ती म्हणाली.

मी वरमले असं लिहिलं तर किती छान दिसेल! पण खरं सांगायचं तर मी चिडले. आमच्या पुस्तकात चूक म्हणजे माझ्या घरात झुरळ. मी म्हटलं, "अहो ताई, तुम्हाला आधी झाला असेल. लहानपणीचं तारीखवार कुणाला आठवतं?"

"मला नाही आठवत. मी चार वर्षांची होते. आईला आठवतं. सत्तावीस नोव्हेंबर." आणि मग न सांगताच खुर्ची ओढून ती बसली. "माझं नाव छापून यायची हौस नाही हो मला. माझी आई अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे. तिच्यासाठी आले आहे."

हकिगत अशी होती. पोरीला ताप भरला म्हणून आईने तिला बसमध्ये घातलं आणि शहराच्या दवाखान्यात आणलं. वाटेतच तोंडात फोड दिसायला लागले होते. आईला वाटलं, उष्णता असेल. दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीचं तोंड उघडून बघितलं मात्र, सगळे दोन पावलं मागे सरले. तेव्हा आईला कळलं की आपण काय घेऊन चार तास गच्च भरलेल्या बसमध्ये बसलो होतो. पोरगी वाचली. पण बसमधल्या लोकांचं काय झालं, ते आईला कुणी कधी सांगितलं नाही.

"पुढे आईला एका शाळेत शिपायाची नोकरी लागली. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असायची. जानेवारीत तुमचं पुस्तक आलं की पहिलं ती उघडायची. तेविसावं उघडलं, तर लिहिलेलं की मार्चनंतर एकही रोगी नाही. मीच त्यात नव्हते, मॅडम! आई म्हणाली, ज्यांना माझी पोर दिसली नाही, त्यांना बसमधली मेलेली पोरं कुठून दिसणार? तेव्हापासून तिने धरून ठेवलंय की तिने माणसं मारली. अठ्ठेचाळीस वर्षं. मी समजावून थकले. मरताना तरी ते तिच्या छातीवर नको, एवढंच माझं म्हणणं आहे."

मी उठले, तेविसावं पुस्तक काढलं.

काय दणदणीत वर्ष होतं ते! मोठ्या नदीवरचा पूल खुला झाला. रेल्वेचा संप वीस दिवस चालला. दोन माजी मंत्री आणि एक महान गवई वारले. जन्मांच्या यादीत आम्ही नंतर भरलेली जगज्जेती धावपटू. पान दोनशे अकरा बाई म्हणाली तसंच होतं, शब्द न् शब्द. मग मी, कधी कुणी वाचत नाही, ती प्रस्तावना वाचली. तळाला बारीक अक्षरात ओळ होती: 'कागदाच्या टंचाईमुळे पुरवणी स्थगित.'

माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणा ना. आमचं पुस्तक पंधरा नोव्हेंबरला छापायला जातं. पहिल्यापासून. नाहीतर जानेवारीत बाहेर कसं पडेल? उरलेल्या दीड महिन्याचं जे काय असेल, ते पुढच्या पुस्तकात पुरवणी म्हणून यायचं. मी एकेक पुस्तक काढून शेवटची पानं बघत गेले. एकोणिसाव्यापासून तिसाव्यापर्यंत पुरवणीच नाही! टंचाई आली, पुरवणी गेली. टंचाई संपली, तरी पुरवणी परत आणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. थोडक्यात काय, त्या सगळ्या वर्षांत आमच्या देशात पंधरा नोव्हेंबरनंतर कुणी मेलंच नाही, कुठे आग लागली नाही, पूल पडला नाही. आणि मी चौतीस वर्षं ही पुस्तकं डोळ्यांत तेल घालून तपासते आहे म्हणून मिरवते!

बाईला म्हटलं, "चूक आहे. आमचीच आहे." हे चार शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नव्हते.

पुरावेसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत व्हायचं तेच विचारलं. "दोन छापील पुरावे?"

"साहेब, बाकीचे सगळे आपलंच बघून छापतात. आपण गाळलं ते सगळ्यांनी गाळलं. छापील कुठून आणू?"

"हंऽ," ते म्हणाले. बराच वेळ चष्माच पुसत राहिले. "मग हाताने लिहिलेलं आणा. पण मूळ. गुरुवार संध्याकाळपर्यंत. आणि त्या बाईंच्या आईसाठी नुसतं 'शेवटची रोगी' लिहून भागणार नाही. बसचं काय झालं, ते कळायला हवं. वाईट निघालं तर?"

तो प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता. वाईट निघालं तर मी ते त्या म्हातारीला कुठल्या तोंडाने वाचून दाखवणार होते?

मंगळवार आणि बुधवार फोन करण्यात गेले. या खात्यातून त्या खात्यात, आणि प्रत्येक ठिकाणी, "एवढं जुनं? कशाला हवंय?" शेवटी कळलं की जुन्या साथीच्या दवाखान्याची दप्तरं आरोग्य खात्याच्या गोदामात आहेत. गुरुवारी सकाळी मी तिथे हजर. गोदाम सांभाळणारी बाई माझ्याहून फटकळ निघाली. म्हणाली, "वीस वर्षांत इथं फक्त उंदीर आले वाचायला, तुम्ही पहिल्याच." पण जिना स्वतः चढली, आणि तासाभरात तिनेच त्या नोव्हेंबरची वही शोधून काढली. नाकाला रुमाल बांधून तिने वहीवरची धूळ झटकली आणि माझ्यापुढे ठेवली.

साधी लांबोडकी वही. वर 'संपर्क नोंद' आणि खाली तारीख, एकोणतीस नोव्हेंबर. लिहिणारा लस टोचणारा कर्मचारी होता. पहिल्या पानावर त्याने लिहिलं होतं: 'रोगी मुलगी, वय ४. आईने बसने आणली. बसमध्ये मायलेकी सोडून ४१ जण, ड्रायव्हर-कंडक्टर धरून. आई रडत नाही. फक्त बसमधल्या लोकांचं विचारते.'

पान उलटलं. एकेचाळीस ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे एकवीस घरं. एकेक घर म्हणजे एकेक दिवस. रोज प्रत्येकाकडे जायचं, ताप बघायचा, अंग बघायचं, आणि ठीक असेल तर घरात एक बारीक खूण करायची. आधी मला कळेचना की त्याने हे केलं कसं. बसमधल्या प्रवाशांची कुणी नावं लिहून घेतं का? त्याने कंडक्टरला गाठून प्रत्येक थांब्यावर किती तिकिटं उतरली ते काढलं होतं, आणि मग थांब्याथांब्यावर उभा राहून विचारत सुटला होता.

मी वाचायला लागले. गोदामवाली माझ्या खांद्यावरून वाचायला लागली.

'क्र. ३. शाळामास्तर. टोचून घ्यायला नकार. चार वेळा गेलो. पाचव्यांदा त्यांच्या वर्गात मुलांबरोबर बसून राहिलो. टोचलं.'

'क्र. ९. अंडी विकते. रोज बाजार बदलते. तिच्या मागे मीही.'

'क्र. १७. हिरवा स्वेटर, हातात पेटी. नाव कुणाला माहीत नाही. कंडक्टर म्हणतो चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती.' पुढे बारा घरं रिकामी. आणि तेराव्या दिवशी: 'सापडला! सहा गावांतली चष्म्याची दुकानं झाली. घड्याळं दुरुस्त करतो. ठणठणीत. मला चहा पाजला.'

'क्र. २२. तुरुंगात. रोज आत जायची परवानगी काढली.'

'क्र. २८. खलाशी. बोट गेली. पुढच्या बंदरावर तारेने कळवलं, तिथल्या माणसाने टोचलं. रोज तार येते.'

पस्तिसाव्या ओळीवर आलो आणि गोदामवालीने माझा दंड धरला. तिथे अकराव्या घरात खूण नव्हती. लिहिलं होतं: 'वारले.'

मला पुढे वाचवेना. डोळ्यांपुढे ती शिंपीणबाई आली. "अहो, वाचा ना," गोदामवाली खेकसली, आणि तिनेच वाचलं. 'वय ८१. छातीचा जुना विकार. अंगावर एकही फोड नाही, मी स्वतः पाहिलं. डॉक्टरांची सही सोबत जोडली आहे.' खरोखरच टाचणीने जोडलेली चिठ्ठी होती. टाचणी गंजून कागदात रुतली होती.

मी खुणा मोजल्या. सवयच आहे. आठशे बारा. जे उशिरा सापडले त्यांची आधीची घरं रिकामी, एवढाच फरक; आणि त्या आजोबांची उरलेली घरं त्याने रेघ मारून बंद केली होती. आठशे बारा वेळा हा माणूस कुणाच्या तरी दारात जाऊन उभा राहिला होता, पायी, सायकलवर, होडीत. त्याच वर्षी पुलाचं उद्घाटन करायला कात्री धरलेल्या मंत्र्याचा आम्ही पाऊण पान फोटो छापला. आणि हजारो वर्षं माणसं मारत आलेला एक रोग आमच्या देशात ज्या एकवीस दिवसांत संपला, त्याची आम्ही ओळसुद्धा छापली नाही. खरंच सांगते, मी गोदामातल्या स्टुलावर हात जोडून बसले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

शेवटच्या पानावर त्याने लिहिलं होतं: 'एकविसावा दिवस पूर्ण. लागण: शून्य. रोग्याच्या आईला सांगायला गेलो. घराला कुलूप. शेजारी म्हणाले, राहू दिलं नाही, गेली पोरीला घेऊन. कुठे ते माहीत नाही. दोन दिवस शोधलं. वरून पुढच्या गावाचा हुकूम आला आहे. जातो. कुणाला ती भेटली तर सांगा.'

खाली सही. ती काही केल्या वाचता आली नाही.

पुरावेसाहेबांनी ती वही गुरुवारी संध्याकाळी उघडली आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. मध्ये शिपाई काहीतरी विचारायला आला, त्याला हातानेच घालवलं. वाचून झाल्यावर खिशातून पेन काढलं आणि तेविसाव्या पुस्तकाच्या मूळ पानावर स्वतःच्या हाताने लिहिलं:

'२७ नोव्हेंबर: देवीची देशातली शेवटची रोगी, वय चार वर्षं. बरी झाली. बसमधल्या एकेचाळीस सहप्रवाशांपैकी एकालाही लागण नाही.'

"दुसरा पुरावा, साहेब?" मी विचारलं. राहवलं नाही मला.

"गप बसा हो," ते म्हणाले. "आणि उद्या कचेरीत येऊ नका. जिथे जायचं तिथे जा."

शुक्रवारी मी गेले. शिंपीणबाईची एकच खोली होती. एका बाजूला शिलाईमशीन, शाळेच्या निळ्या गणवेशांचे ढीग, दुसऱ्या बाजूला खिडकीखाली कॉट. कॉटवर तिची आई. अंगात काही उरलं नव्हतं, पण डोळे लख्ख.

मी पानाची प्रत पुढे केली. तिने चष्मा मागितला. ओळ वाचली. पुन्हा वाचली. आणि कागद माझ्या हातात परत दिला.

"तेव्हाही छापलंच होतं की, बाई," ती म्हणाली. "'एकही नाही' म्हणून. छापायला काय लागतं?"

लेक कासावीस झाली. "आई, अगं त्या एवढ्या..."

"थांबा," मी तिला म्हटलं. म्हातारीचं बरोबर होतं. आमच्या छापण्यावर तिने का विश्वास ठेवावा? मी पिशवीतून वहीच्या पानांच्या प्रती काढल्या. "आजी, हे छापलेलं नाही. तुम्हाला दवाखान्यात बसचं विचारणारा जो टोचणारा होता ना, त्याच्या हातचं आहे. तो तुम्हाला सांगायला आला होता. तुमच्या घराला कुलूप होतं."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "उंच? बोबडा बोलायचा थोडा?"

"ते मला माहीत नाही. तुम्ही विचारा. मी वाचते."

आणि तिने विचारलं. काय सांगू तुम्हाला! त्या बाईने अठ्ठेचाळीस वर्षं ती बस मनात भरलेली ठेवली होती, बाकानबाक. कंडक्टर, ज्याने सुट्टे पैसे देताना पोरीच्या गालाला हात लावला होता? क्रमांक दोन, ठीक. अंड्यांची टोपलीवाली? नऊ, ठीक. दाराजवळचा म्हातारा, सारखा खोकणारा? मी चिठ्ठीसकट वाचलं, आणि ती म्हणाली, "त्याचं तेव्हाच काही खरं दिसत नव्हतं." हिरव्या स्वेटरचा सापडायला तेरा दिवस लागले हे ऐकून ती चक्क हसली. एकेक करत ती माणसं उतरवत होती. मग ती थांबली. चादरीचा काठ बोटांत धरून चुरगाळत राहिली.

"माझ्या पुढच्या बाकावर एक होती," ती म्हणाली. "पोटुशी. दिवस भरत आलेले. मला म्हणाली, आणा इकडे, तुमचे हात भरून आले असतील. बाई, मला ताप माहीत होता. अंग कसं चटके देत होतं पोरीचं. तरी मी दिली. हात दुखत होते माझे, म्हणून दिली. अर्धा रस्ता ही तिच्या मांडीवर झोपली होती, तिच्या पोटाला टेकून." तिचा श्वास वर-खाली व्हायला लागला. "बाकी सगळ्यांचं मी सोसलं. तिचं सांगा. खोटं सांगू नका."

मी ओळ शोधली. "क्रमांक सव्वीस. 'गरोदर. मुलीला मांडीवर घेतलं होतं असं स्वतःच सांगितलं. दुसऱ्याच दिवशी टोचलं. रोज दोनदा जातो.' मग सगळ्या खुणा आहेत, आजी, एकही घर रिकामं नाही. आणि इथे, चौदा डिसेंबर." मी कागद तिच्या डोळ्यांजवळ धरला, म्हणजे तिला स्वतःला दिसावं. तिने बोट टेकवून एकेक अक्षर वाचलं.

"'मुलगी झाली. दोघी सुखरूप.'"

लेक मशीनला पाठ टेकून उभी होती, तोंडावर हात धरून.

"म्हणजे आता," म्हातारी हळूच म्हणाली, "केवढी झाली असेल ती?"

"येत्या डिसेंबरात अठ्ठेचाळीस."

"अगंबाई," ती म्हणाली. "म्हणजे तिचीही पोरं हाताशी आली असतील." तिने बोटांवर काहीतरी मोजलं, मोजणं अर्धंच सोडलं, आणि एकदम उशीवरून मान उचलून लेकीला हाक मारली. आवाज एवढा मोठा की मी दचकलेच.

"अगं, ऐकलंस का? मुलगी झाली तिला! दोघी बऱ्या आहेत!"